इफ्रितचा स्वभाव कोणी ठरवला? – एका खेळाच्या नियमपुस्तकांचे वाचन

समीक्षेच्या पानांवर कथा, कविता, कादंबरी, आत्मकथन यांची चर्चा होते. खेळाच्या नियमांची पुस्तके तिथे येत नाहीत. कॅरम किंवा पत्त्यांचे नियम सांगणाऱ्या पुस्तिकेत समीक्षकाने पाहावे असे फारसे काही नसतेही. पण एक खेळ असा आहे की त्याचे नियम शिकणे म्हणजे एक अख्खे जग शिकणे होय. त्या जगात कोण राहते, कोण कोणाचा वैरी आहे, कोणता जीव जन्मतःच दुष्ट आहे, कोणाशी बोलायचे आणि कोणाला दिसताक्षणी मारायचे, हे सारे त्या पुस्तकांत लिहिलेले असते. आणि त्या जगाच्या रहिवाशांत जिन्न आहे, इफ्रित आहे, मारिद आहे, गूल आहे. ही नावे आपल्या घरांत दादी-नानीच्या गोष्टींतून आली, मदरशाच्या धड्यांतून आली, दास्तानांतून आली. ती एका अमेरिकन खेळाच्या पुस्तकात कशी गेली आणि तिथे त्यांचे काय झाले, हा प्रश्न म्हणूनच आपला आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे छोटे शहर आहे. १९७४ साली तिथून तो प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. आज पन्नास वर्षे उलटून गेली तरी तो खेळला जातो, त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, आणि पुढे आलेल्या अनेक संगणकीय खेळांचा तो पूर्वज आहे.

खेळ कसा चालतो

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. पट मांडलेला असतोच असे नाही. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मोपासक. सूत्रधार सांगतो की समोर दगडी भुयार आहे, ओलसर वास येतो आहे, डावीकडे एक बंद दरवाजा आहे. मग खेळाडू आपण काय करतो ते सांगतात. कोणी दाराला कान लावतो, कोणी कुलूप उघडायला बसतो, कोणी खांद्याने धडक देतो. जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा.

प्रत्येक पात्राचे सहा गुण आकड्यांत लिहिलेले असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर छाप पाडण्याची ताकद. मूळ पद्धतीत एकेका गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, म्हणजे गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान येतो. लढाईसाठी २० बाजूंचा फासा. पैसा लावला जात नाही, त्यामुळे हा जुगार नव्हे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. पात्र जगते किंवा मरते आणि गोष्ट पुढे जाते. दास्तानगोसमोर बसलेला श्रोता 'मग काय झाले?' असे विचारतो. इथला श्रोता 'मग मी असे केले' असे म्हणतो. एवढाच फरक, पण तो मोठा आहे.

शिकवणारे पुस्तक कोणते?

१९७४ च्या पहिल्या आवृत्तीत एका लहान खोक्यात तीन पुस्तिका होत्या. किंमत दहा डॉलर, पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार. ही पुस्तके वाचून खेळ समजत नसे. शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या शौकिनांसाठी ती लिहिलेली होती, आणि वाचकाजवळ 'चेनमेल' हे १९७१ चे दुसरे नियमपुस्तकही असेल असे लेखकांनी गृहीत धरले होते. शब्द कुठे समजावला आहे आणि कुठे वापरला आहे याचा मेळ नव्हता. ॲरिझोना राज्यातील केन सेंट आंद्रे यांना ही पुस्तके इतकी क्लिष्ट वाटली की त्यांनी १९७५ मध्ये स्वतःचाच 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा खेळ लिहून काढला. एका दुर्बोध पुस्तकाने दुसरे पुस्तक जन्माला घातल्याचा हा चांगला दाखला आहे.

मग हा खेळ पसरला कसा? तोंडी. ज्याला येत होता त्याच्याजवळ बसून दुसरा शिकला, त्याच्याजवळ तिसरा. उस्तादाकडून तालीम घ्यावी तसा. पुस्तक फक्त आठवण करून देण्यापुरते. यातून एक गोष्ट घडली : गावोगावी वेगवेगळे नियम तयार झाले, आणि नियम टेबलावर बदलता येतात ही सवय खेळाच्या हाडीमाशी खिळली.

या सवयीला आणखी जुने मूळ आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्स या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात फासे होते, तक्ते होते आणि मध्ये बसलेला पंच होता. पुढे तक्ते इतके वाढले की खेळ पुढे सरकेना. १८७६ मध्ये वेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने मांडले की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर विसंबा. नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक, हा वाद 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला वारशाने मिळालेला आहे. त्याची प्रत्येक आवृत्ती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी असते.

नवख्याला शिकवण्याचा पहिला प्रामाणिक प्रयत्न १९७७ चा. जे. एरिक होम्स हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जासंस्थेचे वैद्य. त्यांनी मूळ पुस्तिकांतील पसारा आवरून पहिल्या तीन पायऱ्यांपुरते एक सरळ पुस्तक तयार केले. या संचाला इतकी मागणी आली की पुढे फासेच पुरेनात. काही खोक्यांत फाशांऐवजी कातरून घ्यायचे आकड्यांचे कागदी तुकडे घातले गेले. १९८१ मध्ये टॉम मोल्डवे यांनी तेच पुस्तक नव्याने लिहिले. अवघी ६४ पाने. क्रम नीट, वाक्ये छोटी, आणि मध्ये टेबलावरचा संवाद जसाच्या तसा दिलेला, म्हणजे वाचणाऱ्याला कानांनी शिकता यावे.

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. लाल खोक्यातले त्यांचे पुस्तक नियमांनी सुरूच होत नाही. ते वाचकाला 'तुम्ही' म्हणून हाक मारते, हातात तलवार देते आणि गुहेत पाठवते. गुहेत अलीना नावाची एक धर्मोपासक स्त्री भेटते. ती सोबत चालते, बोलता बोलता चार गोष्टी समजावते. मग बार्गल नावाचा जादूगार समोर येतो आणि अलीना मारली जाते. वाचक हळहळतो, आणि मान वर करून पाहतो तर मुख्य नियम त्याला आलेले असतात. अमेरिकेत ज्यांनी त्या काळी हा खेळ शिकला त्यांतले अनेक जण आजही अलीनाचे नाव काढतात. नियमपुस्तकातले पात्र मेल्याचे दुःख व्हावे, हे कोणत्याही लेखकाला अभिमान वाटावा असे यश आहे. शिकवण्याच्या कलेपुरते बोलायचे तर या साऱ्या पुस्तकांत मी याला पहिला क्रमांक देईन. परंतु नियमांमागच्या विचाराबद्दल बोलायचे तर मला १९८१ चे पुस्तक अधिक मोलाचे वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

नकळत शिकवलेला धडा

नियम शिकणारा मुलगा फासा कसा टाकायचा ते शिकतो तेव्हा आणखीही काही शिकत असतो. या खेळात 'अलाइनमेंट' नावाचा एक नियम आहे. त्याला आपण नैतिक कल म्हणू. १९७४ मध्ये तीन कल होते : सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक. पुढे त्याला चांगले आणि वाईट यांची जोड मिळून नऊ कल झाले. खेळाडू आपल्या पात्राचा कल स्वतः निवडतो. मात्र समोर येणाऱ्या जीवांचा कल पुस्तकात छापलेला असतो. ऑर्क वाईट, गॉब्लिन वाईट. एखादा ऑर्क नव्हे, ऑर्कची जातच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर अर्ध्या ऑर्क रक्ताच्या पात्राला बळात दोन गुण अधिक मिळत आणि बुद्धीतून दोन व छाप पाडण्याच्या ताकदीतून दोन वजा होत. पूर्वग्रह आकड्यांत लिहिला की तो पूर्वग्रह वाटेनासा होतो, नियम वाटू लागतो. आपल्या देशाला हे नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या जन्मावरून त्याचा कल ठरवला होता, आणि तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले.

आता इफ्रितकडे येऊ. १९७४ च्या पुस्तिकेतच जिन्न आणि इफ्रित आहेत. जिन्न हवेचा, इफ्रित आगीचा, आणि दोघे एकमेकांचे वैरी. १९८३ मध्ये पाण्याचा मारिद आणि मातीचा दाओ असे आणखी दोन आले. चार महाभूतांची ही चौकट ग्रीकांकडून युरोपात रुजलेली. तिच्या चार खणांत अरबी नावे बसवली गेली. आपल्या वाचकाला इथेच ठेच लागते. कुरआनात जिन्नांची घडण धूर नसलेल्या ज्वालेतून झाल्याचे सांगितले आहे. या खेळाने जिन्नाकडून आग काढून घेतली आणि ती एकट्या इफ्रितच्या पदरात टाकली.

पण घडणीपेक्षा स्वभावाचा प्रश्न मोठा आहे. २०१४ च्या पुस्तकात जिन्न चांगल्या कलाचा आहे आणि इफ्रित वाईट कलाचा. इतरांना गुलाम करणारा, जुलमी, गर्विष्ठ. आता सूरह अन-नम्ल आठवा. हजरत सुलेमान (अ.) यांच्या दरबारात सबाच्या राणीचे सिंहासन आणण्याचा प्रश्न निघतो तेव्हा जिन्नांपैकी एक इफ्रित पुढे होतो. दरबार उठण्याआधी ते आणून देतो म्हणतो, आणि आपण समर्थ आहोत तसेच विश्वासू आहोत, असे स्वतःबद्दल सांगतो. तिथे त्याच्या दुष्टपणाचा उच्चार नाही. सूरह अल-जिन्नमध्ये तर जिन्न स्वतःच सांगतात की आमच्यात सदाचारी आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. म्हणजे आपल्या परंपरेत जिन्नाला माणसासारखीच निवड आहे. त्याचा कल जन्माने छापून येत नाही. या खेळाने इफ्रित हा शब्द घेतला, आग घेतली, बळ घेतले, आणि निवड तेवढी मागे ठेवली.

गूलचेही तसेच. अरबी लोककथांतला गूल वाळवंटात वाटसरूंना चकवणारा, रूप पालटणारा जीव आहे. तो मेलेला माणूस नव्हे. थडग्यातील प्रेते खाणाऱ्या गूलचे चित्र युरोपात रुळले ते अँत्वान गालाँच्या फ्रेंच 'अरेबियन नाइट्स'मधील सीदी नुमानच्या गोष्टीच्या वाटेने. खेळात तो मुडद्यांच्या वर्गात गेला. त्याच्या स्पर्शाने माणूस ताठ पडतो, पण एल्फ या युरोपीय परीलोकातील जमातीला मात्र काही होत नाही, असा नियम आहे. नियमांची गंमत अशी की एकदा तो पाठ झाला की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही.

पितळेचे शहर

१९७९ मध्ये सूत्रधारासाठी जे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक निघाले त्याच्या मुखपृष्ठावर इफ्रितच आहे. लाल अंगाचा, प्रचंड, मुठीत एक स्त्री पकडलेला. समोर लढणारे वीर. मागच्या पानावर त्याचे घर, पितळेचे शहर. हे शहर 'अल्फ लैला व लैला'तून घेतलेले आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी पुढे पूर्ण केलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'पासून अरबी रात्रींचे हे जग मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे.

मूळ गोष्ट आठवून पाहावी. खलिफा अब्दुल मलिक यांच्या हुकमावरून अमीर मूसा बिन नुसैर निघतात. हजरत सुलेमान यांनी जिन्नांना ज्या कुप्यांत बंद केले होते त्या कुप्या शोधायच्या असतात. वाटेत खांबात जखडलेला एक इफ्रित आपली हकीकत सांगतो. शेवटी पितळेचे शहर सापडते. तिथे दौलत आहे, रेशीम आहे, जवाहीर आहे, आणि एकही जिवंत माणूस नाही. दौलत कोणाला वाचवू शकली नाही, ही त्या गोष्टीतली इबरत. ती वाचून मूसा रडतात.

खेळात पितळेचे शहर हे आगीच्या लोकातील इफ्रितांच्या राजधानीचे नाव आहे. तिथे जायचे, लढायचे, खजिना लुटायचा. जी गोष्ट खजिन्याचा फोलपणा सांगत होती तिचे नाव खजिन्याच्या पत्त्याला दिले गेले. यात द्वेष आहे असे मी म्हणणार नाही. गायगॅक्स यांनी उत्तर युरोपच्या पुराणांतून, ग्रीक दंतकथांतून, स्वस्त मासिकांतील साहसकथांतून असेच हाताला येईल ते घेतले. पण ग्रीक मिनोतोरची मूळ कथा अमेरिकन मुलाला शाळेत कुठेतरी भेटते. इफ्रितची भेटत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी पुस्तकातला इफ्रित हाच खरा इफ्रित होऊन बसतो.

दोन फाशांचा तक्ता

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा खेळ टाकाऊ ठरवायचा आहे. तसे नाही. याच पुस्तकांत कलाच्या नियमाला छेद देणारा दुसरा एक नियम आहे, आणि १९८१ चे पुस्तक मला मोलाचे वाटते ते त्याच्यासाठी.

भुयारात समोर कोणी आले की लगेच तलवार काढायची नाही. समोरच्याचे मन काय आहे ते ठरवण्यासाठी सूत्रधार सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज २ आली तर तो तत्काळ हल्ला करतो. ३ ते ५ आली तर तो वैरभावाने पाहतो, हल्ला करीलही. ६ ते ८ आली तर त्याचे काही ठरलेले नाही. ९ ते ११ आली तर तो हल्ला करीत नाही. निघून जातो किंवा तुमचे म्हणणे ऐकून घेतो. १२ आली तर तो मनापासून दोस्ती करतो. थोडा हिशेब करू. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी थेट हल्ल्याची शक्यता फक्त १ आहे. 'काही ठरलेले नाही' अशा शक्यता १६ आहेत. म्हणजे अनेकदा समोरचा जीव तुमच्याइतकाच गोंधळलेला असतो, आणि पुढे काय होणार हे तुम्ही काय बोलता यावर ठरते. बोलणाऱ्याची छाप चांगली असेल तर त्याचा परिणाम या फेकीवरही होतो. त्या पुस्तकातल्या नमुना-खेळात एक खेळाडू रिकामे हात पुढे करून हॉबगॉब्लिनांना अभिवादन करतो. त्या वेळी लढाई टळत नाही. पण आधी हात पुढे करायचा असतो, हे शिकणाऱ्याच्या लक्षात राहते.

लढण्यातून मिळणारा लाभही त्या आवृत्तीत मोठा नव्हता. एक गॉब्लिन मारल्याचे ५ अनुभवगुण, आणि बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे १ गुण. बोलून, चकवून, वाट बदलून काम झाले तर शहाणपण तेच होते. पुढच्या आवृत्त्यांत मारण्याचे गुण वाढले, सोन्याचे गेले, आणि दोन फाशांचा हा तक्ताही मागे पडला. संवाद हे पात्राच्या अंगचे एक कौशल्य झाले. नियम अधिक सुटसुटीत झाले यात शंका नाही. २००० पासून जवळजवळ सगळे निर्णय २० बाजूंच्या एकाच फाशावर आले, आणि २०१४ मध्ये तर परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान घ्या, इतकी सोपी युक्ती आली. शिकणाऱ्याचे कष्ट वाचले. पण समोरचा कोण आहे हे आधी विचारण्याची जी सवय जुना तक्ता लावत होता ती मात्र सुटली.

म्हणजे एकाच पुस्तकात दोन शिकवणी होत्या. एक सांगते की त्याचा स्वभाव आधीच छापलेला आहे. दुसरी सांगते की फासा पडू दे, बोलून पाहा, मग ठरव. शिकवणारा कोणती आधी शिकवतो यावर खेळ कसा होणार हे ठरते.

अल-कादिम

१९९२ मध्ये जेफ ग्रब यांनी 'अल-कादिम' या मालिकेचे 'अरेबियन ॲडव्हेंचर्स' हे पुस्तक लिहिले. झखारा नावाचा काल्पनिक प्रदेश, खलिफा, वाळवंट, बाजार, जिन्न. त्यात हॉलिवूडच्या चित्रपटांतला अरबस्तान पुष्कळ आहे. दीन तर नाहीच; त्याच्या जागी बरेच देव-देवता आणून बसवले आहेत. एका मुस्लिम वाचकाला हे खटकणार. इस्लामी संस्कृतीची कमान, मिनार, पोशाख आणि पाहुणचार घ्यायचा आणि तिच्या केंद्रस्थानी असलेली तौहीद वगळायची, ही कसरत विचित्र दिसते. कोणाच्या श्रद्धेचा खेळ होऊ नये म्हणून ती केली असेल, असेही म्हणता येईल. पण देव काढून टाकलेला गाभारा आणि देव बदललेला गाभारा यांत फरक आहे.

तरीही हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते. त्यात मीठ खाल्ल्याचे बंधन पाळण्याचा आग्रह आहे. आपल्याकडच्या 'नमक'च्या कल्पनेशी ते थेट जुळते. त्यात 'शाइर' नावाचे पात्र आहे, जे जिन्नांशी करार करून त्यांच्याकडून काम करून घेते. कवीच्या पाठीशी जिन्न असतो ही इस्लामपूर्व अरबांची समजूत होती. ती ग्रब यांनी हेरली. हाच शब्द मराठीत 'शाहीर' होऊन डफावर थाप मारतो, हे आपण जाणतोच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झखाराच्या शहरांत ऑर्क आणि गॉब्लिन माणसांच्या शेजारी राहतात. एक कायदा, एक भाषा, एक बाजार. कोणत्या जातीत जन्मला यावरून तिथे कोणाला दुष्ट ठरवले जात नाही. मुख्य खेळात जे नियम म्हणून छापले गेले होते ते या अरबी वळणाच्या जगात गळून पडले. ही मालिका १९९४ मध्ये थांबली. जो प्रश्न मुख्य खेळाला पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर पडायचा होता त्याचे उत्तर या बाजूच्या खोलीत आधीच लिहून ठेवलेले होते.

शब्द कोणासाठी बदलतात?

या पुस्तकांतले शब्द वेळोवेळी बदलले आहेत. पहिल्या पुस्तिकांत 'हॉबिट' होते. टॉल्किनच्या पुस्तकांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून कायद्याचा धाक आल्यावर ते 'हाफलिंग' झाले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी हा खेळ सैतानी असल्याचा गदारोळ केला. तेव्हा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द काढून त्यांच्या जागी बनावट नावे घातली गेली. जिन्न, इफ्रित, मारिद मात्र जागच्या जागी राहिले. त्यांच्या वतीने कोणी दार ठोठावले नव्हते. ठोठावायला हवे होते असे मी म्हणत नाही. शब्द पुसून काही साधत नाही. पण कोणाच्या भावनेची नोंद होते आणि कोणाच्या नाही, हे या यादीवरून कळते.

नंतरचे बदल अधिक खोलवरचे आहेत, आणि ते वाचकांच्या टीकेतून आले आहेत. २०१४ च्या पुस्तकानेच सांगितले होते की छापलेला कल हा केवळ सोयीचा आहे, सूत्रधाराने तो बदलावा. २०२० मध्ये प्रकाशकांनी जाहीर केले की ऑर्क आणि ड्राऊ या जमाती इतरांइतक्याच गुंतागुंतीच्या म्हणून रंगवल्या जातील. २०२१ पासून नव्या पुस्तकांत कलाच्या आधी 'बहुधा' या अर्थाचा शब्द दिसू लागला. एक क्रियाविशेषण, पण त्यात एका जमातीची सुटका आहे. २०२४ च्या खेळाडू-पुस्तकात वंश हा शब्द गेला, गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली, आणि ऑर्क खेळाडूने घेता येईल असे पात्र झाले.

काही जुन्या खेळाडूंना हे पसंत नाही. खेळात दुष्ट कोणीतरी लागतोच, असे त्यांचे म्हणणे. ते खरेही आहे. बार्गल दुष्टच होता. पण तो त्याच्या कृत्याने दुष्ट होता. त्याने अलीनाला मारले. खलनायकाला नाव असावे, कृत्य असावे, निवड असावी. जमात पुरेशी नाही. मला वाटते, कथेच्या दृष्टीनेही हेच अधिक सकस आहे.

आता लेखणी कोणाकडे?

जानेवारी २०२३ मध्ये एक घटना घडली, तिची आपल्या साहित्यिकांनी नोंद घ्यावी. २००० पासून एका खुल्या परवान्यामुळे इतर लेखकांना या खेळाच्या मूळ नियमांवर आपली पुस्तके लिहिता येत होती. प्रकाशक कंपनी तो परवाना आवळू पाहते आहे असे बाहेर फुटले, आणि खेळाडूंनी इतका विरोध केला की कंपनीने माघार घेतली. एवढेच नव्हे, मूळ नियमांचा दस्तऐवज तिने 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली सर्वांना खुला केला. श्रेय नमूद केले की कोणीही, कोणत्याही भाषेत, त्यावर आधारित लिहू शकतो, छापू शकतो, विकू शकतो. त्या दस्तऐवजात जिन्न आणि इफ्रितही आहेत, छापील कलासह.

आपण आपल्या लेखनातून मुसलमानाच्या साचेबंद प्रतिमेविरुद्ध बोलत आलो आहोत. कादंबरीतला खाटीक, सिनेमातला गुंड, इतिहासाच्या पुस्तकातला आक्रमक. या प्रतिमा म्हणजेही छापील कलच आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्याचे काम संपलेले नाही. पण इथे तक्रारीच्या पलीकडचे काही करता येण्यासारखे आहे. कोकणातल्या खाडीवरचा, मराठवाड्यातल्या एखाद्या दर्ग्याच्या चिंचेखालचा जिन्न. त्याला ईमान आहे की नाही हे जो भेटीनंतर ठरवतो. ज्याच्याशी बोलण्यासाठी दोन फाशांचा तक्ता आहे आणि ज्याचा कल कोऱ्या रकान्यात सोडलेला आहे, असे पुस्तक मराठीत लिहिणे आज कायद्याने मोकळे आहे. त्याला छापखानाही मोठा लागत नाही. १९७४ चे ते खोके हाताने भरले होते.

असे पुस्तक लिहिणाऱ्याने मेंट्झरकडून शिकवण्याची रीत घ्यावी, मोल्डवेकडून तो तक्ता घ्यावा, ग्रबकडून शेजार घ्यावा. आणि इफ्रितच्या स्वभावाचा रकाना रिकामा ठेवून त्याखाली एवढेच लिहावे की विचारून भरा.